गरोदरपणात फिटच्या औषधाची पातळी का उतरते?

वाचकाचे पत्र

माझ्या सुनेला कॉलेजात असल्यापासून फिट येण्याचा आजार आहे. लग्न ठरवतानाच तिच्या घरच्यांनी हे सांगितले होते, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. लॅमोट्रिजिनची १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेऊन तिला तीन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. आता सहावा महिना चालू आहे आणि महिन्याभरात दोनदा फिट आली. डॉक्टरांनी रक्तातील औषधाची पातळी तपासली, ती २.९ निघाली. दिवस राहण्याआधी हीच पातळी ६.२ होती. गोळ्या त्याच असताना पातळी निम्म्याहून खाली गेली, म्हणजे बाळाच्या काळजीने ती गोळ्या टाळत असणार, असे मला वाटते. ती नाही म्हणते. यावरून आमचे बोलणे जवळजवळ बंद झाले आहे. डॉक्टरांनी डोस दिवसाला ३०० केला, पण एवढे औषध बाळाला सोसेल का? माझा भाऊ वीस वर्षे फिटसाठीच फेनिटॉइनच्या ३०० मिलिग्रॅमवर आहे, त्याला कधी डोस वाढवावा लागला नाही. एकदाच, टीबीचे औषध चालू असताना त्याचा तोल जाऊ लागला, तेव्हा काही महिने डोस कमी केला होता. शेजारणीच्या सांगण्यावरून मी सुनेला शंखपुष्पीचे सिरप सुरू केले आहे, ते चालेल ना? पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे आहे.

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण तुमच्या घरातील स्वास्थ्य तिच्यावर अवलंबून आहे. तुम्ही कळवलेले ६.२ आणि २.९ हे दोन्ही आकडे एकही गोळी न चुकवता येऊ शकतात. किंबहुना लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बहुसंख्य गरोदर स्त्रियांचा डोस वाढवला नाही, तर याच सुमारास त्यांचे रिपोर्ट असेच काहीसे येतात. त्यामुळे या रिपोर्टच्या आधारावर सूनबाईंवर गोळ्या टाळल्याचा ठपका ठेवता येत नाही, आणि तो तुम्ही आजच काढून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रक्तातील औषधाची पातळी दोन गोष्टींवर ठरते: रोज किती औषध पोटात जाते आणि शरीर त्याचा किती वेगाने निचरा करते. हौदात वरून पडणारी धार तीच राहिली, पण खालची मोरी रुंद झाली, तर पाणी आपोआप खालच्या पातळीवर येऊन थांबते. आपण घरातली माणसे फक्त वरची धार, म्हणजे गोळ्यांची पाकिटे पाहू शकतो. मोरी आपल्याला दिसत नाही, म्हणून पातळी उतरली की आपला संशय पहिल्यांदा धारेवर जातो.

लॅमोट्रिजिनचा निचरा मुख्यतः यकृतात होतो. यूजीटी १ए४ नावाचे तेथील एक विकर (एन्झाइम) औषधाच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल जोडते, त्यामुळे औषध निष्क्रिय होऊन पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे बाहेर पडते. गरोदरपणात शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, आणि हे इस्ट्रोजेन यकृताला याच विकराची निर्मिती वाढवायला लावते. त्याच काळात मूत्रपिंडांतून वाहणारे रक्तही वाढलेले असते. हा बदल पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतो आणि शेवटच्या तिमाहीत शिगेला पोहोचतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅमोट्रिजिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचे दोन गट स्पष्ट दिसले: सुमारे ७७ टक्के स्त्रियांत औषधाचा निचरा २१९ टक्क्यांनी, म्हणजे तिपटीहून अधिक वाढला, तर उरलेल्या २३ टक्के स्त्रियांत तो अवघा २१ टक्क्यांनी वाढला. एकाच औषधावर असलेल्या दोन गरोदर स्त्रियांपैकी एकीला डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो आणि दुसरीला जेमतेम वाढवावा लागतो, तो यामुळे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशेब केला तर सूनबाईंचा निचरा दुपटीच्या थोडा वर गेला आहे, आणि सहाव्या महिन्याच्या मानाने त्यात अनपेक्षित असे काहीच नाही.

फिट आत्ताच का आल्या, याचाही उलगडा त्याच आकड्यांतून होतो. लॅमोट्रिजिनच्या पातळीसाठी प्रयोगशाळा साधारण ३ ते १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असा पट्टा छापतात, पण तो ढोबळ असतो. प्रत्येक रुग्णाला फिटपासून दूर ठेवणारी पातळी त्याची स्वतःची असते. सूनबाईंची ती पातळी ६.२ होती, हे तीन वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. गरोदर स्त्रियांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की गरोदरपणाआधीच्या पातळीच्या ६५ टक्क्यांखाली औषध उतरले की फिट वाढण्याचा धोका वाढतो. ६.२ चे ६५ टक्के म्हणजे साधारण ४, आणि सूनबाई २.९ वर होत्या. दिवस राहण्याआधी पातळी तपासून ठेवण्याचे ज्या कोणाला सुचले, त्याने फार मोलाचे काम केले आहे, कारण तो जुना आकडा हाताशी नसता तर आजच्या २.९ चा अर्थच लावता आला नसता.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती पातळीपेक्षाही तातडीची आहे. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर आलेली कोणतीही फिट, मग त्या स्त्रीला जुना अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असो वा नसो, रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासल्याशिवाय जुन्या आजारात जमा करू नये. गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबामुळेही झटके येतात आणि त्यांचे उपचार अगदी वेगळे असतात. या तपासण्या झाल्याचे तुमच्या पत्रात म्हटलेले नाही. झाल्या नसतील तर उद्याच करून घ्या. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणे, चेहऱ्यावर सूज, यांपैकी काहीही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. फिट आलीच तर त्यांना डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळाकडे पाहा आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आता, गोळ्या चुकत असतील तर ते कसे ओळखावे, असे तुम्ही विचाराल. एका रिपोर्टवरून ते ओळखता येत नाही. गोळ्या अधूनमधून चुकत असतील तर ठरावीक अंतराने केलेल्या तपासण्यांत पातळी वरखाली हेलकावे खाते. निचरा वाढलेला असेल तर ती महिन्यामागून महिना एका दिशेने उतरत जाते आणि डोस वाढवला की त्या प्रमाणात वर येते. म्हणून डॉक्टर साधारणपणे दर महिन्याला पातळी तपासायला सांगतात. रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे आणि शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत द्यावे. गोळी घेतल्यानंतर दोन तासांनी दिलेल्या रक्तातील आकडा आणि गोळीआधीचा आकडा यांची तुलना होऊ शकत नाही. आधीचे ६.२ आणि आताचे २.९ हे दोन्ही नमुने कोणत्या वेळी घेतले होते, तेही डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांचा त्रास असेल तर गोळी घेतल्यावर लगेच झालेल्या उलटीतही औषध वाया जाते, आणि तो काही रुग्णाचा हलगर्जीपणा नव्हे. क्वचित एखादी गोळी खरोखर विसरली जाणे कोणाच्याही बाबतीत घडते. त्यासाठी सात खणांची डबी आणि मोबाइलचा गजर एवढे पुरते. सासूबाई पाकिटे मोजू लागल्या की विसरलेली गोळी सांगण्याची हिंमत सुनेला होत नाही, आणि लॅमोट्रिजिनच्या बाबतीत हे लपून राहणे धोक्याचे आहे. हे औषध सलग पाच-सहा दिवस बंद राहिले, तर ते पूर्ण डोसने एकदम पुन्हा सुरू करता येत नाही. तसे केल्यास अंगावर गंभीर स्वरूपाचे पुरळ उठण्याचा धोका असतो, आणि डॉक्टरांना ते थोड्या डोसपासून पायरीपायरीने वाढवावे लागते. म्हणजे घरात खरे बोलण्याजोगे वातावरण असणे हा या उपचाराचाच भाग आहे.

तुमच्या भावाचे उदाहरण तुम्ही दिले ते बरे केले. वीस वर्षे एकच डोस पुरला, यावरून प्रत्येकाला तसाच पुरावा, असे तुम्हाला वाटते. पण त्याच वाक्याच्या पुढे तुम्ही टीबीच्या औषधाचा प्रसंग लिहिला आहे, आणि त्यात तुमच्या शंकेचे उत्तर आहे. भावानेही तेव्हा गोळ्या तेवढ्याच घेतल्या होत्या, तरी त्याचा तोल जाऊ लागला, कारण त्याच्या शरीराचा निचरा बदलला होता. फरक इतकाच, की सूनबाईंचा वाढला आहे आणि त्याचा घटला होता.

टीबीच्या सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन औषधे अखेरपर्यंत असतात, आणि फेनिटॉइनच्या बाबतीत ती परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. आयसोनियाझिड फेनिटॉइन मोडणाऱ्या यकृतातील विकरांना अटकाव करते, म्हणून फेनिटॉइन रक्तात साठू लागते. रिफाम्पिसिन त्याच विकरांची निर्मिती वाढवते, म्हणून ते उतरू लागते. कोणाचा जोर जास्त ठरेल, हे बऱ्याच अंशी रुग्णाच्या जनुकांवर अवलंबून असते. काही माणसांचे शरीर आयसोनियाझिडचा निचरा सावकाश करते, आणि भारतात अशी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या शरीरात आयसोनियाझिड अधिक काळ टिकते आणि अटकावही अधिक होतो. चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बुबुळे थरथरणे, बोलणे जड होणे ही फेनिटॉइन अंगावर आल्याची लक्षणे आहेत, आणि अशा वेळी माणूस दारू प्यायला आहे असा समज घरात आणि गावात होतो, हे फार दुःखद आहे. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी वेळेवर डोस कमी केला, हे चांगले झाले. टीबीचा उपचार संपल्यानंतरच्या आठवड्यांतही अशीच दक्षता लागते, कारण दोन्ही औषधांचा प्रभाव ओसरताना पातळी पुन्हा हलते.

फेनिटॉइनचा आणखी एक स्वभाव भावाला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असायला हवा. बहुतेक औषधांचा डोस दीडपट केला की पातळीही साधारण दीडपट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. ते मोडणाऱ्या विकरांची क्षमता नेहमीच्या उपचारातील पातळीवरच, म्हणजे १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपासच, संपत येते. त्यानंतर पोटात जाणाऱ्या जादा औषधाला बाहेर पडायला वाटच पुरत नाही. त्यामुळे ३०० मिलिग्रॅमवर व्यवस्थित असलेल्या माणसाचा डोस ४०० केला, तर पातळी दुपटीच्याही पुढे जाऊ शकते, आणि म्हणून जाणते डॉक्टर हा डोस २५ ते ५० मिलिग्रॅमच्या लहान पायऱ्यांनी वाढवतात. सीवायपी २सी९ या विकराचे जनुक काही जणांत जन्मतः मंद असते. त्यांना ३०० मिलिग्रॅमही जास्त होतात. शिवाय हे औषध रक्तात ९० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते आणि फक्त मोकळा राहिलेला भाग मेंदूवर काम करतो. यकृताच्या आजारात, कुपोषणात किंवा गरोदरपणात अल्ब्युमिन कमी झाले की रिपोर्टमधील एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळा भाग पुरेसा असू शकतो. तो आकडा पाहून डोस वाढवला तर अपाय होतो. भावाचे वय वाढेल तसे हे लक्षात ठेवून त्याच्या तपासण्या व्हाव्यात.

या सदराच्या इतर वाचकांपैकी कोणाच्या घरी वेगळे औषध असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. कार्बामाझेपिन स्वतःचाच निचरा वाढवते: पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत यकृत त्याला मोडायला सरावते आणि सुरुवातीला पुरलेला डोस अपुरा पडू लागतो, त्यामुळे महिन्याभराने आलेल्या फिटवरून औषध निकामी आहे असे ठरवू नये. त्याच कार्बामाझेपिनवर असताना घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी एरिथ्रोमायसिन अथवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले, तर त्याची पातळी चढते आणि चक्कर, दुहेरी दिसणे सुरू होते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णाला रुग्णालयात मेरोपेनेमसारखे प्रतिजैविक सुरू केल्यास व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. अशा रुग्णाला दाखल करताना फिटच्या औषधाचे नाव मोठ्याने सांगणे हे नातेवाइकांचे कामच आहे. हेच व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनसोबत दिले की लॅमोट्रिजिनचा निचरा निम्म्यावर येतो, म्हणून त्या जोडीत लॅमोट्रिजिनचा डोस कमी ठेवतात. लेव्हेटिरासेटॅमचा सुमारे दोन-तृतीयांश भाग न बदलता मूत्रपिंडांतून जातो. मूत्रपिंडे मंदावलेल्या किंवा वृद्ध रुग्णात त्याचा डोस घटवावा लागतो, आणि गरोदरपणात तेही लवकर बाहेर पडते. लहान मुलांत बहुतेक औषधांचा निचरा वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जलद होतो, म्हणून चिमुरड्याला एवढा डोस कसा, असे वाटले तरी तो आपल्या मनाने कमी करू नये.

आता बाळाविषयी. दिवसाला ३०० मिलिग्रॅम हा आकडा तुम्हाला मोठा वाटतो, आणि आजी होणाऱ्या स्त्रीला तशी काळजी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु बाळापर्यंत औषध पोहोचते ते आईच्या रक्तातून. गोळ्यांवरचे आकडे २०० चे ३०० झाले, म्हणजे डोस दीडपट झाला, तरी २.९ ची पातळी साधारण ४.४ पर्यंतच येईल, आधीच्या ६.२ च्या खालीच राहील. म्हणजे डॉक्टरांनी बाळावरचे औषधाचे ओझे वाढवलेले नाही, उतरलेले संरक्षण जागेवर आणायला घेतले आहे. बाळाचे अवयव घडण्याचा काळ पहिल्या तीन महिन्यांचा असतो, तो केव्हाच मागे पडला. शिवाय लॅमोट्रिजिन हे या बाबतीत अपस्मारावरील सर्वांत सुरक्षित औषधांपैकी एक मानले जाते. अनेक देशांतील गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणाऱ्या युरॅप या नोंदवहीचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे, की लॅमोट्रिजिन घेणाऱ्या मातांच्या बाळांत मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण २.९ टक्के, तर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत १०.३ टक्के होते. कोणतेही औषध न घेणाऱ्या मातांतही हे प्रमाण २ ते ३ टक्के असतेच. याउलट पूर्ण शरीराला झटके देणारी फिट आली की आईचा श्वास काही काळ अडतो, ती पोटावर पडू शकते आणि बाळाचा प्राणवायू कमी होतो. या दोन धोक्यांपैकी कोणता टाळायचा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

डोस वाढवणे हा अपवाद नाही, हेही जाणून घ्या. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अपस्मार असलेल्या २९९ गरोदर स्त्रियांची तुलना गरोदर नसलेल्या, पण अपस्मार असलेल्या स्त्रियांशी केली होती. गरोदर स्त्रियांत फिट वाढल्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही, मात्र त्यांच्यापैकी ७४ टक्के स्त्रियांचा डोस त्या काळात निदान एकदा बदलावा लागला होता. सूनबाईंचा डोस पुढच्या तीन महिन्यांत आणखी एक-दोनदा वाढवावा लागला तर घाबरू नका. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जात आहे, आणि अशा स्त्रियांपैकी बहुतेकींची बाळंतपणे सुखरूप होतात व बाळे निरोगी असतात, हेच तेथील अनुभव सांगतो. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात चालू ठेवा.

शंखपुष्पीचे सिरप मात्र आजपासून बंद करा. आयुर्वेदाविषयीच्या अनादरातून मी हे लिहीत नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९९२ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे. फेनिटॉइनवर व्यवस्थित असलेल्या रुग्णांना शंखपुष्पीचे औषध सुरू केल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्याचे त्यांच्या लक्षात आले, म्हणून त्यांनी उंदरांवर प्रयोग केले; काही दिवस दोन्ही औषधे एकत्र दिली असता रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरली आणि त्याचा फिट रोखण्याचा गुणही घटला. सूनबाईंचे औषध वेगळे आहे, पण ज्यांची पातळी आधीच घसरलेली आहे अशा गरोदर स्त्रीवर नवा प्रयोग करण्याचे काहीही कारण नाही. हे सिरप किती दिवस दिले, हे डॉक्टरांना अवश्य सांगा, आणि भावाच्या घरी तर ते चुकूनही ठेवू नका, कारण हा निष्कर्ष थेट त्याच्याच औषधाचा आहे.

बाळंतपण माहेरी होणार आहे, हे वाचून मी सर्वांत अधिक विचारात पडलो. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, डॉक्टर बदलतात, आणि नेमका त्यानंतर औषधाचा सर्वांत मोठा बदल व्हायचा असतो. वार बाहेर पडताच इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, यकृताचा वेग काही दिवसांतच मंदावतो आणि सुमारे तीन आठवड्यांत निचरा पूर्वीसारखा होतो. वाढवलेला डोस तसाच चालू राहिला, तर गरोदरपणात अपुरे पडणारे तेच औषध अंगावर येते: चक्कर, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, सतत मळमळ. बाळंतिणीला अशक्तपणामुळे असे होते असे समजून घरची माणसे गप्प बसतात, आणि तोल गेलेल्या आईच्या हातात बाळ असते. म्हणून बहुतेक तज्ज्ञ प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास डोस कमी करायला घेतात आणि साधारण दोन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने, गरोदरपणाआधीच्या डोसवर किंवा त्याहून किंचित वर आणून ठेवतात. कोणत्या तारखेला किती गोळ्या, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून आठव्या महिन्यातच कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत सूनबाईंकडे, एक त्यांच्या आईंकडे आणि एक प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांकडे असावी. आजवरच्या पातळ्यांचे सर्व रिपोर्ट त्याच फाइलमध्ये लावा. कळा सुरू झाल्यावरही फिटची गोळी वेळेवर गेली पाहिजे, ही गोष्ट प्रसूतिगृहाच्या धावपळीत सहज राहून जाते.

अंगावर पाजण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी माहेरी कोणीतरी ते थांबवायला सांगेल, म्हणून लिहितो. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजावे. हे औषध दुधातून बऱ्यापैकी प्रमाणात जाते, म्हणून बाळावर लक्ष ठेवावे. बाळ फार गुंगीत राहिले, नीट चोखेनासे झाले किंवा त्याच्या अंगावर पुरळ उठले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जागरणाने फिट येऊ शकते, त्यामुळे रात्रीचे एखादे पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कोणी निभावून नेले, तर बाळंतिणीला सलग झोप मिळते. बाळाला न्हाऊ घालताना आई एकटी नसावी, आणि बदलायचे-भरवायचे काम तिने जमिनीवर बसून करावे.

पाळणा लांबवण्याचा विचार कराल, तेव्हाही हे औषध ध्यानात ठेवावे लागेल. माला-एन किंवा माला-डी यांसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, आणि ते गरोदरपणातील इस्ट्रोजेनप्रमाणेच लॅमोट्रिजिनची पातळी सुमारे निम्म्यावर आणू शकते. त्या पाकिटातील शेवटच्या सात गोळ्या केवळ लोहाच्या असतात, त्या आठवड्यात पातळी पुन्हा चढते, आणि अशी चढ-उतार दर महिन्याला होत राहते. अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने अशा गोळ्या तशाही देत नाहीत. तांबीचा या औषधाच्या निचऱ्यावर काहीही परिणाम होत नाही. ती बसवून घ्यायची असेल तर प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, आणि हे बोलणे सूनबाई आणि तुमचा मुलगा या दोघांनी करावे.